या पत्त्यावर राहत नाही

स्वतःचं हक्काचं घर ही माणसाची मूलभूत गरज आहे. तळवली गावातल्या बयाबाई मढवी यांच्याकडे अशा चौदा मूलभूत गरजा होत्या आणि त्या सगळ्या भाड्याने दिलेल्या होत्या.

चार मजल्यांची इमारत, मजल्याला चार खोल्या. त्यातल्या दोन खोल्यांत बयाबाई, मुलगा दिपेश, सून मनस्वी आणि पाच वर्षांची नात निशिगंधा असे चौघं राहायचे. उरलेल्या चौदांत भाडोत्री. पूर्वी इथे बयाबाईंच्या सासऱ्यांचा गुरांचा गोठा होता. शेती शहराला गेली, गोठा राहिला, गोठ्याच्या जागी इमारत आली. सरकारी भाषेत अशा बांधकामाला ‘गरजेपोटी बांधलेलं घर’ म्हणतात. गरज नेमकी कोणाची, आणि ती चार मजले उंच कशी, याबद्दल सरकार आणि गाव यांच्यात बरीच वर्षं चर्चा चालू आहे. तोवर इमारतीला वीज आहे, पाणी आहे, घरपट्टी आहे. फक्त कागद नाही.

कागद नसल्यामुळे गावात एक रीत पडली. गळ्यात ओळखपत्र आणि हातात फाइल असलेला माणूस गल्लीत शिरला की इमारतींचे मालक नाहीसे होतात. कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: “मालक गावाला गेलाय.” तळवलीतल्या एकूण एक इमारतीचा मालक गावाला गेलेला असतो. कुठल्या गावाला, हे अजून कोणी विचारलेलं नाही.

ही रीत उगाच पडलेली नाही. सात वर्षांपूर्वी अतिक्रमणवाले आले, तेव्हा शेजारचे देवजीकाका भाबडेपणाने म्हणाले, “माजीच हाय बिल्डिंग, या, चाय घ्या.” त्यांच्या पाचव्या मजल्याचे नुकते ओतलेले चार खांब चहा संपायच्या आत गेले. तेव्हापासून देवजीकाकाही गावाला गेलेले असतात. हे ते स्वतःच, दारात बसून सांगतात.

तर एके दिवशी निशिगंधाच्या शाळेत बाईंनी ‘माझे घर’ हा विषय घेतला. एकेका मुलाला उभं करून घराचा रंग कोणता, खिडक्या किती, असं विचारत त्या निशिगंधापर्यंत आल्या.

“तुमचं घर कोणाचं आहे, बाळा?”

“मालक गावाला गेलाय,” निशिगंधा म्हणाली आणि खाली बसली.

बाईंनी मनस्वीला बोलावून घेतलं. घर भाड्याचं असण्यात काही कमीपणा नाही, मुलांशी त्याबद्दल मोकळेपणी बोलावं, असं त्यांनी समजावलं. चौदा भाडोत्र्यांच्या मालकिणीची सून पंधरा मिनिटं मान हलवत बसली होती.

मनस्वीने घरी हे सांगितलं तेव्हा दिपेश आधी खूप हसला. मग त्याचं हसणं थांबलं, आणि तो जेवायला बसला. हात धुताना म्हणाला, “एक तरी घर पाहिजे यार, ज्याचं नाव सांगितलं तर कोणी तोडायला येणार नाही. पोरीला खरं सांगता आलं पाहिजे.”

“कसलं घर?” बयाबाईंनी विचारलं.

“फ्लॅट. घणसोलीला, सोसायटीत. लोन काढून.”

“चौदा खोल्या हायत. पायजे ती घे. तिसऱ्या मजल्यावरचा केरलवाला दिवालीला सोडतोय.”

“आई, त्या खोलीला कागद नाय.”

“कागदावर झोपनार हायस?”

बयाबाईंचं घरांविषयीचं तत्त्वज्ञान सरळ होतं. घर राहण्यासाठी नसतं. राहायला काय, माणूस कुठेही राहतो. घर असतं ते भाड्याने देण्यासाठी.

कर्ज कसं काढतात, हे विचारायला दिपेश तळमजल्यावर मुझम्मिलभाईंकडे गेला. मुझम्मिलभाई मूळचे तळोज्याचे, बयाबाईंचे नऊ वर्षांचे भाडोत्री. दारावर ‘कर सल्लागार’ अशी पाटी होती. गावात त्यांचा मुख्य सल्ला ‘थोडा तरी भरा’ असा होता.

“टेम्पोचे महिन्याला किती सुटतात?” त्यांनी विचारलं. दिपेशचे दोन टेम्पो होते. तुर्भ्याच्या कारखान्यांतला माल ते कळंबोलीला पोचवत आणि येताना लोखंड आणत.

“डिझेल, ड्रायव्हर जाऊन पंच्याहत्तर.”

“आणि रिटर्नमध्ये किती दाखवलेत?”

दिपेशने छताकडे पाहिलं. “दाखवलेत तर तुम्हीच.”

“मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

“अडीच लाख. वर्षाचे.”

“आणि वहिनींना लॅबमध्ये पगार?”

“चोवीस हजार.”

“म्हणजे कागदावर वहिनी तुझ्यापेक्षा जास्त कमावतात.”

“कागदाबाहेर पण ती तसंच समजते.”

मुझम्मिलभाईंनी चष्मा काढून पुसला. “दिपेश, बँकेला गरीब माणूस चालत नाही आणि तुला इन्कम टॅक्ससमोर श्रीमंत व्हायचं नसतं. आजवर तू दोघांना दोन वेगळी माणसं दाखवत होतास. आता तीन वर्षं दोघांना एकच माणूस दाखवायचा. जो आहेस तो.”

“टॅक्स बसेल.”

“बसेल.”

“मग फायदा काय?”

“कर्ज मिळेल.”

दिपेशने यावर बराच विचार केला. आधी सरकारला पैसे द्यायचे, का, तर बँकेने आपल्याला उधार द्यावेत म्हणून. “असं लोक खुशीने करतात?”

“नोकरदारांना कोणी विचारत नाही. त्यांचा आधीच कापून घेतात.”

दुसरी अडचण पत नसल्याची निघाली. दिपेशने आयुष्यात एक रुपयाही उधार घेतला नव्हता. टेम्पोसुद्धा रोखीने घेतलेले. ही गोष्ट तो अभिमानाने सांगे. मुझम्मिलभाईंनी मोबाइलवर त्याचा सिबिल स्कोअर काढला आणि पडदा त्याच्याकडे वळवला. तिथे आकडाच नव्हता.

“वाईट आहे का?”

“वाईट असायला आधी काहीतरी असावं लागतं. बँकेच्या लेखी तू अजून जन्मलाच नाहीस. एक क्रेडिट कार्ड घे, डिझेल त्याच्यावर भर आणि दर महिन्याला पूर्ण बिल फेड. एक दिवस उशीर नको.”

तिसरी अडचण दुसऱ्या दिवशी स्वतः चालत आली. बयाबाईंनी तांदळाच्या पिंपातून रबर लावलेली पुडकी काढली आणि बाजाराच्या पिशवीत घालून मुझम्मिलभाईंच्या टेबलावर ठेवली. एकोणीस लाख होते.

“उद्या बँकेत भरून टाकू,” त्या म्हणाल्या. “पावने यायच्या आधी आपन घर सारवून घेतो का नाय? तसं. मंग बोलव बँकवाल्याला.”

मुझम्मिलभाईंनी उठून आधी दार लावलं. “मावशी, हे सारवणं नाही. ही दवंडी आहे.”

मग त्यांनी समजावलं. एकदम आलेले पैसे पाहून बँक खूश होत नाही, घाबरते. तिला पैसे आवडतात, पण ते नियमाने, थोडेथोडे, तारखेला येणारे. थोडक्यात, भाड्यासारखे. हा शेवटचा मुद्दा बयाबाईंना लगेच पटला. बँक आणि आपण एकाच धंद्यात आहोत, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

पिशवी पिंपात परत गेली. पुढच्या तीन वर्षांत त्या पैशांची नात्यातल्या पाच लग्नांच्या हळदींत खर्चून व्यवस्था लागली. हळदीला पॅन कार्ड मागत नाहीत.

जिन्याखाली क्यूआर कोडचा चौकोन चिकटला आणि चौदा खोल्यांचं भाडं बयाबाईंच्या खात्यात जाऊ लागलं. तरी पाच तारखेला त्या पहिल्यासारख्याच दारोदार जात राहिल्या. पूर्वी भाडं घ्यायला जात आणि चहा घेत. आता नुसता चहा घेत. भाडोत्र्यांना वाटलं होतं की मोबाइलमुळे हे बंद होईल. उलट आता पैसे मोजायचे नसल्यामुळे त्या जास्त वेळ बसू लागल्या.

तीन वर्षं गेली. या काळात दिपेशने कर भरला. पहिल्या वर्षी भरताना तो आजाऱ्यासारखा दिसत होता, तिसऱ्या वर्षी मित्रांना भरलेली रक्कम ऐकवू लागला. कार्डाचं बिल एकदाही चुकलं नाही. स्कोअर सातशे एक्याऐंशी झाला आणि त्याने तो बनियनवर छापायचाच काय तो बाकी ठेवला. बयाबाईंच्या खात्यात दिपेशला द्यायला पुरेसे पैसे साठले, तेही धुतल्या तांदळासारखे आणि पिंपाबाहेर.

फ्लॅट मिळाला. घणसोलीला, सातव्या मजल्यावर, एक बेडरूमचा. विकणारे गृहस्थ निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला निघाले होते. बहात्तर लाख, चोपन्न बँकेचे, अठरा आपले. बाल्कनीतून तळवलीतली बयाबाईंची काळी पाण्याची टाकी दिसत होती. हे पाहायला बहात्तर लाख जास्त होतात, असं बयाबाईंचं मत पडलं. गच्चीवर गेलं की फुकट दिसते.

दिपेशने दोन लाख टोकन दिलं. साठ दिवसांत बाकीचे पैसे आले नाहीत तर टोकन बुडणार आणि फ्लॅट दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाणार, असं कागदावर लिहिलेलं होतं. दुसरं गिऱ्हाईक खरंच होतं. ते दोनदा लिफ्टमध्ये भेटलंही होतं. दिपेश आणि मनस्वीने मिळून अर्ज केला. फाइल बँकेत गेली. मुझम्मिलभाई म्हणाले की गेल्या दहा वर्षांत एवढी स्वच्छ फाइल आपल्या हातून गेलेली नाही, आणि ते स्वतःच थोडे गहिवरले.

“आता फक्त घरी कोणीतरी येईल पत्ता बघायला. फॉर्मॅलिटी.”

“आई, बँकेचा माणूस येईल,” दिपेशने घरी सांगितलं.

“येऊ दे. कोलंबी करीन.”

बयाबाईंच्या डोळ्यांसमोर बँकेचा माणूस म्हणजे गाडीतून उतरणारा, पोट असलेला, इस्त्रीच्या शर्टातला गृहस्थ होता. मंगळवारी सकाळी अकराला जो आला तो स्कूटरवरून आला. पंचविशीचा, पाठीला सॅक, गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. त्याचं नाव तेजस. बँकेने पत्ते तपासायचं काम ज्या एजन्सीला दिलं होतं, तिथे तो नोकरी करत होता आणि त्या दिवशी त्याला अजून अकरा पत्ते बघायचे होते. त्याने आधी मोबाइलवर इमारतीचा फोटो काढला. खालून वर, सगळे मजले येतील असा.

बयाबाई दारात बसून बोंबील साफ करत होत्या. त्यांनी हे पाहिलं.

“दिपेश मढवी इथेच राहतात का?”

“कोन?”

“दिपेश मढवी.”

“नाय बा. असा कोन नाय इथं.”

“मनस्वी मढवी?”

“ती पन नाय.”

“ही बिल्डिंग कोणाची आहे?”

“मालक गावाला गेलाय.”

“तुम्ही कोण?”

“मी भाड्यानं रातंय.”

तेजसने लिहून घेतलं. “किती भाडं आहे?”

“सात हजार. जास्त हाय, पन काय करनार? मालक लय खडूस हाय.”

तेजसने दिपेशला फोन लावला. दिपेश त्या वेळी कळंबोलीच्या लोखंड बाजारात उभा होता आणि शेजारी क्रेनमधून पत्रे उतरत होते. तिथे फोन ऐकू येत नाही, कधीकधी स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही. मुझम्मिलभाई पनवेलला गेले होते. तेजस शेजारच्या ओट्याकडे वळला.

“काका, इथे दिपेश मढवी म्हणून कोणी आहेत?”

देवजीकाकांनी पेपर खाली केला, ओळखपत्राच्या पट्ट्याकडे पाहिलं आणि पेपर परत वर केला. “मढवी? या गल्लीत मढवी नाय कोनी,” देवजी मढवी म्हणाले.

गुरुवारी बँकेतून फोन आला, पाठोपाठ ईमेल. अहवाल इंग्रजीत होता. मनस्वीने संध्याकाळी सगळ्यांसमोर तो मराठीत सांगितला. “अर्जदार या पत्त्यावर राहत नाही. सहअर्जदारही राहत नाही. इमारतीतल्या एका वृद्ध भाडोत्री महिलेने ही नावं कधी ऐकलेली नाहीत. महिलेच्या म्हणण्यानुसार मालकाचा स्वभाव चांगला नाही. शेजाऱ्यांच्या माहितीनुसार परिसरात या आडनावाचं कुटुंब नाही. शिफारस, प्रतिकूल.”

 दिपेश आईकडे वळला.

“आई, तू मला ओळखत नाहीस?”

“वलखते.”

“मग?”

“मंग काय? त्याला कशाला सांगू? फाइल होती हातात, गल्यात पट्टा होता. मजल्यांचे फोटो काडत होता मेला. बँकवाला हाय ते काय कपालावर लिवलं होतं?” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “आनि वृद्ध कोन, ते विचार त्याला.”

“तीन वर्षं, आई. तीन वर्षं टॅक्स भरला मी. खरा टॅक्स.” दिपेशचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागत होता. “एकवीस दिवस राहिलेत. दोन लाख जातील ते जातील. फ्लॅट जाईल.”

बयाबाईंनी पदराने हात पुसले. हात कोरडेच होते.

“देवजीचे खांब गेले तवा मी ठरवलं होतं,” त्या म्हणाल्या. “माज्या तोंडातून पोराचं नाव नाय निघनार. घर गेलं तर गेलं. नाव सांगितलं की नोटीस नावावर येते. मंग कोरटात पोरगा उभा रातो, घर नाय.”

दिपेश आईकडे बघत राहिला. दहा वर्षं ही बाई फाइलवाल्या प्रत्येक माणसासमोर त्याला नाकारत आली होती, आणि तो समजत होता की ती इमारत वाचवतेय. तो उठला आणि आत जाऊन तिच्यासाठी पाणी घेऊन आला. त्यांच्या घरात माफी मागायची हीच पद्धत होती.

शुक्रवारी मुझम्मिलभाई बँकेत गेले. शाखेच्या मॅनेजरबाई मूळच्या साताऱ्याच्या, नवी मुंबईत नव्या. मुझम्मिलभाईंनी त्यांना गोठ्यापासून सुरुवात करून सगळं सांगितलं.

“म्हणजे आईने मुलाला ओळखायला नकार दिला?”

“प्रेमापोटी, मॅडम.”

“फाइलवर काय लिहू?”

“गैरसमजातून, असं लिहा.”

मॅनेजरबाईंनी रिटर्न्स पुन्हा चाळली, स्कोअर पाहिला आणि एकदाच, शेवटची, पुन्हा तपासणी मंजूर केली. पुढच्या शनिवारी. या वेळीही तपासणीत माणूस सापडला नाही तर बाईंना काही करता येणार नव्हतं.

आठवडाभर तालीम चालली. मुझम्मिलभाई हातात फाइल घेऊन दारातून आत येत आणि विचारत, “मालक कोण?” बयाबाई पाठ केलेलं उत्तर आठवत, तोंड उघडत आणि म्हणत, “गावाला गेलाय.” फाइल बाजूला ठेवून विचारलं की बरोबर सांगत. फाइल हातात आली की मालक गेलाच. निशिगंधा आता आठ वर्षांची होती. तिने आजीला शेजारी बसून उत्तर कानात सांगायची तयारी दाखवली, पण तालमीत तिच्याही तोंडून तेच निघालं.

इकडे देवजीकाकांनी गल्लीत घरोघर निरोप दिला: शनिवारी जो पोरगा येईल तो आपला आहे, दिपेशबद्दल विचारेल, ‘हो’ म्हणायचं. गल्लीने हे मनावर घेतलं.

शनिवारी तेजसने स्कूटर लावली आणि पहिल्याच दारात पत्ता विचारला.

“दिपेश ना? इथंच रातो,” दारातली बाई म्हणाली.

“या घरात?”

“हो हो. ल्हानपनापासून.”

दुसऱ्या दारात एक आजोबा म्हणाले की दिपेश आमच्याकडेच असतो, जेवतोसुद्धा. तिसऱ्या घरातून दिपेशच्या लग्नाचा अल्बम बाहेर आला. त्यात त्या घरातली माणसं जास्त होती. बयाबाईंच्या ओट्यापर्यंत पोचला तेव्हा तेजसच्या फॉर्मवर अर्जदार चार पत्त्यांवर राहत होता.

“काका, तुम्ही त्या दिवशी म्हणालात की या गल्लीत मढवी कोणी नाही,” त्याने देवजीकाकांना विचारलं.

“या गल्लीत सगले मढवीच हायत.”

“पण मंगळवारी तुम्ही...”

“मंगलवारी मी गावाला गेलो होतो,” देवजीकाका म्हणाले.

बयाबाई खुर्चीवर बसल्या होत्या. नवं लुगडं, गळ्यात होतं तेवढं सोनं. शेजारी दिपेश, मनस्वी, मुझम्मिलभाई. मनस्वीने आधार कार्डं पुढे केली, दिपेशने सह्या केल्या. मग तेजसने फॉर्म उलटला.

“राहतं घर, स्वतःचं, भाड्याचं की पालकांचं? हे घरातल्या मोठ्यांनाच विचारायचं असतं. आजी, घर कोणाचं आहे?”

 फाइल उघडी होती, पेन टेकलेलं होतं, गळ्यात पट्टा होता. बयाबाईंचे ओठ हलले. मुझम्मिलभाईंनी डोळे मिटून घेतले.

“हे लिवून कुठं जानार?” बयाबाईंनी विचारलं.

“बँकेत.”

“अजून कुठं?”

“कुठेच नाही, आजी.”

“आजी नको बोलू.”

“मावशी.”

“गाव कोंचं तुजं?”

“चिपळूण. इथे ऐरोलीला रूम घेऊन राहतो.”

“किती घेतात?”

“नऊ हजार.”

“लुटतात,” बयाबाई म्हणाल्या. मग त्यांनी दिपेशकडे पाहिलं. त्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. बयाबाईंनी पदर सावरला आणि मालकाला गावाहून परत आणलं.

“घर माजं हाय,” त्या म्हणाल्या. “घरपट्टी माज्या नावावर हाय. ह्यो दिपेश, माजा पोरगा. जन्मल्यापासून इथंच रातो, दुसरीकडं कुठं नाय. ही सून. लिव.”

तेजसने लिहिलं.

“आनि मालक सवभावानं चांगला हाय. त्या दिवशी चुकीचं लिवलंस. ते पन लिव.”

फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता. तेजसने समासात लिहिलं. मग त्याला कोलंबी आणि तांदळाची भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही, आणि उरलेले आठ पत्ते त्या दिवशी तसेच राहिले.

कर्ज मंजूर झालं. मुदतीला दोन दिवस बाकी असताना चेक गेला. रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात दिपेशने आठ ठिकाणी सह्या केल्या आणि प्रत्येक पानावरचं आपलं नाव वाचलं. सातव्या मजल्यावर दारावर पितळेची पाटी लागली: दिपेश मढवी, मनस्वी मढवी. खाली निशिगंधाने खडूने आपलंही नाव लिहिलं. पूजेला चौदाच्या चौदा भाडोत्री आले. लिफ्टमधून तीन खेपा झाल्या. देवजीकाका बाल्कनीत उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की हे घर आमच्या दिपेशचं आहे. कोणी विचारलेलं नसतानाही सांगत होते. इतक्या वर्षांनी त्यांना कोणाचं तरी घर कोणाचं आहे हे सांगता येत होतं, आणि ते ती संधी सोडत नव्हते.

चौघांनी तिकडे राहायला जायचं ठरलं होतं. बयाबाई गेल्या नाहीत. भाडोत्र्यांकडे कोण बघणार? निशिगंधा शाळेतून सुटली की आजीकडे येई, कारण शाळा तळवलीच्या बाजूला. मनस्वी लॅबमधून आजीकडे येई, कारण मुलगी तिथे. दिपेश टेम्पो लावायला तळवलीत येई आणि जेवूनच निघे, कारण जेवण तिथे. मग तिघंही झोपायला घणसोलीला जात. असे तीन आठवडे गेल्यावर मनस्वीने हिशोब केला. “सत्तेचाळीस हजार हप्ता. एवढ्यात आपण फक्त झोपतोय. आणि उठल्याबरोबर निघतोय.”

“तुमची खोली रिकामीच हाय अजून,” बयाबाई म्हणाल्या.  

आता सातव्या मजल्यावर महापेच्या कंपनीतलं एक जोडपं राहतं. अठ्ठावीस हजार भाडं आहे, तेही करारनामा करून. पाच तारखेला बयाबाई रिक्षाने तिथे चहाला जातात. लिफ्ट त्यांना आवडली आहे. दिपेश आठवड्यातून एकदा टेम्पो त्या रस्त्याने घालतो, खाली दोन मिनिटं थांबतो, वर बघतो आणि कळंबोलीला जातो. निशिगंधाने शाळेत ‘माझे घर’ या विषयावर आता निबंध लिहिला: “आमचे घर सातव्या मजल्यावर आहे. ते आमचेच आहे. आम्ही तिथे राहत नाही.” बाईंनी खाली ‘छान’ असा शेरा दिला.

सहा महिन्यांनी बँकेने दिपेशच्या नावे एक पत्र फ्लॅटवर पाठवलं. ते परत गेलं. कुरियरवाल्याने वॉचमनला विचारून पाकिटावर लिहिलं होतं: ‘या पत्त्यावर राहत नाही. मालक गावाला असतो.’

माहिती बरोबर होती. बँकेने पत्ता बदलून घेतला.